नाकापर्यंत येऊन परत

जिना चढताना जरा थांबा, मित्रांनो. दप्तर खाली ठेवा. कठड्यावरून वाकू नका, नुसती मान वर करा. तिसऱ्या मजल्याच्या तुळईपासून एक पोलादी तार सरळ खाली आली आहे आणि तिच्या टोकाला लहानशा कलिंगडाएवढा काळा लोखंडी गोळा लोंबतो आहे, दिसला? तोच मी. या शाळेतला सगळ्यात जुना लोलक. खरं म्हणजे या शाळेतला एकुलता एक लोलक, पण जुना म्हटलं की जरा मान मिळतो, म्हणून तसं म्हणतो.

माझं बोलणं संथ आहे, कंटाळू नका. मी इकडून निघतो, तिकडे जातो, तिथे क्षणभर थबकतो आणि मग परत येतो. बोलतानाही माझं तसंच होतं. मध्येच थबकलो तर समजा, स्वारी टोकाला पोचली आहे. येईन परत.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. ओल्या वाळूत गोल पोकळी केलेली होती आणि तिच्यात वितळलेलं लोखंड ओतलं, तो मी. तेव्हा माझा रंग नारिंगी होता. आता सांगून कोणाला खरं वाटत नाही! मग निवलो, काळा पडलो, घासून गुळगुळीत झालो आणि एका गिरणीच्या फाटकावर नोकरीला लागलो. फाटक आपोआप मिटावं म्हणून साखळीला वजन लागतं ना, ते माझं काम. फाटक उघडलं की मी वर, फाटक मिटलं की मी खाली. माणसं आत जायची, बाहेर यायची. माझ्याकडे ढुंकूनही कोणी पाहत नसे. मग फाटकाला मोटर बसली आणि माझी रवानगी भंगारात झाली.

भंगारवाल्याच्या आवारात मी पाती नसलेला पंखा आणि चाक नसलेली बाबागाडी यांच्या मधे पडलो होतो. वारा आला की वरचे पत्रे हलायचे, गवत हलायचं, पंख्याची सुटलेली वायर हलायची. मलाही वाटायचं, आपण हलावं. पण जमिनीवरचा गोळा हलत नाही, गडगडतो, आणि गडगडायलाही कोणीतरी पाय लावावा लागतो. मी नुसता पडून स्वप्नं बघायचो. कशाची, ते तेव्हा सांगता आलं नसतं. मोकळ्या जागेची असावीत.

आणि एक दिवस खरंच कोणीतरी पाय लावला. खांद्याला कापडी पिशवी, बाहीवर खडूची धूळ, हातात एक गळकं नरसाळं. त्या बाईंनी मला चपलेच्या टोकाने हळूच सरकवलं, वाकून दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला आणि "बाप रे" म्हणून परत ठेवलं. भंगारवाला हसला. "बाई, नरसाळं समजू शकतो. या धोंड्याचं काय करणार?"

"बघू या की," बाई म्हणाल्या.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मुलांनी त्यांचं नावच बघूबाई ठेवलं होतं. बाई, मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा पाणी वाढतं का? बघू या की! लगेच पेला, मीठ, काठावर पेन्सिलीची खूण. बाई, आपली सावली आपल्यापेक्षा मोठी कधी होते? बघू या की! सगळा वर्ग पट्ट्या घेऊन मैदानात. त्यांच्या वर्गात पाणी सांडायचं, दोरे गुंतायचे, कोणाच्या तरी बाह्या ओल्या व्हायच्या. शेजारच्या वर्गावरच्या सरांचं डोकं उठायचं. पण बघूबाई उत्तर आधी सांगायच्या नाहीत म्हणजे नाहीत. मुलं रडकुंडीला आली तरी नाहीत.

मला टांगायला त्यांनी धाकट्या भावाला बोलावलं. तो वेल्डर होता. सगळी शाळा पुढे त्याला वेल्डरमामा म्हणायला लागली. त्याने वर तुळईकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, हा पडला ना, तर फरशीला भोक पडेल."

"म्हणून तर तुला बोलावलं."

"आणि तार दरवर्षी तपासावी लागेल. विसरायचं नाही."

"तू कशाला आहेस मग?"

मामाने मला आकडा जोडला, वर भक्कम कडी बसवली आणि तारेच्या वरच्या टोकाला साखळीचा एक तुकडा घातला. वरच्या कठड्यापाशी उभं राहून साखळीची कडी बदलली की मी हवा तेवढा वर-खाली व्हायचो. मग बाईंनी मला एका बाजूला ओढून धरलं आणि सोडलं.

मित्रांनो, त्या पहिल्या झोक्याचं काय सांगू! खाली फरशी होती पण तिचा स्पर्श नव्हता. मी जिन्याच्या पोकळीतून तरंगत गेलो, पलीकडे पोचलो आणि तिथे क्षणभर माझं वजनच हरवलं. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता, त्यात धुळीचे कण फिरत होते. मग कोणीतरी हाक मारल्यासारखा परत निघालो. भंगारात मी जे स्वप्न बघत होतो ते हेच होतं. ओळखलं मी ते.

माझा झोका लांब. जाऊन येईपर्यंत एक मोठा श्वास आत घ्यावा आणि सावकाश सोडावा. मुलं माझ्यासमोर उभी राहिली की नकळत तसाच श्वास घ्यायची. दंगा करत जिना उतरणारा वर्गसुद्धा माझ्यापाशी आला की मऊ व्हायचा.

मग माझ्या नोकरीची खरी सुरुवात झाली. किती भांडणं लागली माझ्यावरून! एक पोरगी म्हणे, जड गोळा लवकर येतो. दुसरा म्हणे, हलका लवकर येतो, त्याला काय ओझं आहे? बाईंनी माझ्या जागी लाकडी गोळा लावला आणि हातात घड्याळं दिली. दोघंही हरली. आम्हा दोघांना वेळ सारखाच लागतो. मग म्हणे, जास्त लांब ओढलं तर जास्त वेळ लागणार. तेही हरले. फरक फक्त साखळीच्या कडीने पडायचा. तार लांब केली की मी सुस्त, आखूड केली की मी चपळ. हे कळलं तेव्हा मुलांनी जिन्यात असा आरडाओरडा केला, जणू तार त्यांनीच शोधून काढली.

कधी त्या भंगारातल्या नरसाळ्यात वाळू भरून ते माझ्या पोटाखाली बांधत. झोके घेता घेता वाळूची बारीक धार पडायची आणि फरशीवर लांबट पाकळ्या उमटायच्या. प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीपेक्षा किंचित लहान. गणिताच्या सरांनी एकदा ते पाहिलं आणि ते तास विसरून तिथेच मांडी घालून बसले. मुलं त्या पाकळ्या मोजपट्टीने मोजत होती, आलेख काढत होती, आणि मी आपला डोळे मिटून फिरत होतो. मला डोळे नाहीत म्हणा. पण असते तर मिटले असते.

पुढे बाईंनी जिन्याखाली एक संगणक आणला. माझ्या वाटेत एका बाजूला छोटा दिवा आणि समोर उजेड ओळखणारा इवलासा डोळा. मी मधून गेलो की उजेड अडायचा आणि संगणकाला कळायचं, आला लोलक! त्यावरून झोक्याचा वेळ काढायचा प्रोग्रॅम मुलांनी स्वतः लिहिला. लिहिला खरा, पण घड्याळाचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा काही जुळेना. पडद्यावरचा बरोब्बर निम्मा यायचा. कोणी म्हणालं, संगणक खोटं बोलतो. कोणी म्हणालं, लोलक म्हातारा झालाय. घ्या! सगळं खापर माझ्यावर.

त्या वर्गात एक मुलगी होती. ती इतकी हळू बोलायची की मुलांनी तिला कुजबुज नाव ठेवलं होतं. हजेरीला "हजर"सुद्धा तिच्या शेजारणीने म्हणायचं. ही कुजबुज माझ्या खाली फरशीवर उताणी झोपली आणि एक बोट हवेत धरून माझ्याबरोबर इकडून तिकडे फिरवत राहिली. बराच वेळ. मग ती उठली आणि बाईंच्या कानाशी लागली.

"बाई, तो जाताना पण उजेड अडवतो आणि येताना पण. आपण अर्ध्या झोक्यालाच पूर्ण म्हणतोय."

बाईंचा चेहरा असा उजळला! "अगं, हे सगळ्यांना सांग ना. मोठ्याने."

कुजबुजने जोरजोरात मान हलवली आणि स्वतःची वेणी तोंडावर धरली. शेवटी बाईंनीच सांगितलं. मग तिने कळफलकावर बसून चूक दुरुस्त केली आणि आकडे जुळले. टाळ्या वाजल्या तेव्हा ती जिन्याखालच्या कोपऱ्यात लपली होती. मी झोक्याझोक्याला तिच्यापर्यंत जाऊन येत होतो.

पण माझा सगळ्यात आवडता धडा होता नाकाचा. मुलाने भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं. मला ओढून अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत आणायचं आणि सोडून द्यायचं. मी पलीकडे जातो, वळतो आणि सरळ तुमच्या तोंडावर चालून येतो. हलायचं नाही! कारण जिथून सोडलं त्याच्या पुढे मी कधीच येत नाही. येऊच शकत नाही. वाटेत हवा मला थोडं थोडं अडवते, म्हणून बोटभर अलीकडेच थांबतो. हे मुलांनी फळ्यावर शिकलेलं असायचं. पण फळ्यावर शिकणं वेगळं आणि लोखंडी गोळा नाकावर येताना ते खरं मानणं वेगळं, नाही का?

बाई मुलाच्या बाजूला उभ्या राहून दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवत. प्रत्येकाला तेच सांगत. "भीती वाटली तरी चालेल. हलायचं नाही, बस. आणि ढकलू नकोस. नुसतं सोड."

ज्यांच्या नाकापर्यंत मी येऊन परत गेलो त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. आधी पांढरेफटक, मग एकदम हसरे. कुजबुजचा चेहरा मात्र त्यांत नव्हता. ती रांगेत उभी राहायची आणि तिचा नंबर जवळ आला की गुपचूप मागे जायची. असं कितीदा तरी झालं.

मग विज्ञान प्रदर्शनाचा दिवस उजाडला. त्या दिवशी कुजबुज मागे गेली नाही. मुठी आवळून ती पुढे आली, भिंतीला डोकं टेकलं, बाईंनी तिच्या खांद्यांवर हात ठेवले. मी तिच्या हातात होतो. तिचे तळवे घामाने ओले होते. तेवढ्यात हेडसर पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे उंचेपुरे, सुटाबुटातले, मोठ्या हुद्द्यावरचे. "अरे वा! आम्हीही बघतो की," ते म्हणाले. हेडसर आमचे भले गृहस्थ, पण पाहुणे आले की त्यांची त्रेधा उडायची. त्यांनी कुजबुजला हलकेच बाजूला केलं. "बाळ, तू नंतर, हं."

वरून साखळीची कडी बदलली, मी पाहुण्यांच्या नाकाच्या उंचीला आलो. बाई समजावून सांगत होत्या. डोकं भिंतीला, ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. पण पाहुण्यांचं लक्ष फोटोवाल्याकडे. त्यांनी मला चांगला जोर लावून ढकलून दिलं आणि वर पुढे वाकून गंमत बघत उभे राहिले.

मी काय करणार, मित्रांनो? मला लगाम नाही. जेवढं मला दिलं जातं तेवढंच मी परत आणतो. "मागे व्हा!" बाई ओरडल्या. उशीर झाला होता.

नाक मोडलं नाही, नशीब. पण टोमॅटोसारखं लाल झालं. रुमाल, पाणी, बर्फ, धावाधाव. चहा तसाच राहिला. आणि सगळीकडे एकच झालं, लोलकाने पाहुण्यांना मारलं. साहेबांनी ढकललं होतं हे शंभर डोळ्यांनी पाहिलं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मला नायलॉनच्या दोरीने कठड्याला बांधून टाकलं. गळ्यात पाटी आली, "हात लावू नये". दिवा गेला, संगणक गेला. हेडसर बाईंना म्हणाले, "यापुढे प्रयोग पडद्यावर दाखवत जा. तोच धडा, तीच माहिती, आणि कोणाचं नाक नको फुटायला." पडद्यावरचा तो लोलक मी समोरच्या वर्गाच्या दारातून पाहिला आहे. फार देखणा. तो कधी थकत नाही, त्याची पाकळी कधी लहान होत नाही. मुलं उत्तरं पाठ करू लागली आणि उत्तरं बरोबर येत होती. बाईंच्या बादल्या माळ्यावर गेल्या. बघू या की, हे शब्द जिन्यात ऐकू येईनासे झाले. कोणी प्रश्न विचारला की बाई म्हणायच्या, "पान उघडा."

मी किती काळ बांधलेला होतो ते मला सांगता येत नाही. माझं मोजणं झोक्यांचं, आणि झोकेच बंद. एक मात्र होतं. कुजबुज येता-जाता मला बोटाने शिवायची. पाटीवर लिहिलेलं असूनही. पहिल्यांदा तिचं कपाळ माझ्या खाली असायचं. मग डोळे माझ्या बरोबरीला आले. मग हनुवटी. तेव्हा मला कळलं की बराच काळ गेला आहे आणि ती आता शाळेतून जाणार आहे. मला वाईट वाटायचं, फार वाटायचं. बांधलेल्या माणसाला निदान उसासा टाकता येतो.

मग जिन्याला रंग द्यायचं ठरलं. रंगारी म्हणाला, या गोळ्याचा गंज भिंतीवर ओघळतोय, आधी हा काढा. हेडसरांनी वेल्डरला निरोप धाडला. आला तो आपला मामाच, गॅसकटर घेऊन. केस पांढरे झाले होते. त्याने मला पाहिलं आणि कटर खाली ठेवला.

"सर, मी हा लावलाय. ताई समोर नसताना मी कापणार नाही. राग मानू नका."

मधली सुट्टी होती. बातमी क्षणात वर्गावर्गात गेली. मुलं जिन्यावर, कठड्याला, पायऱ्यांवर गोळा झाली. बाई आल्या. त्याच वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला, तो हात आता बराच सुरकुतला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "कापायचा तर कापा. पण आधी मला एक शेवटचा तास घेऊ द्या. याच्यावर. हा गेला तर मी जे शिकवत होते तेही गेलंच. मग पडदा आहेच."

"बाई, मागच्या वेळचं विसरलात का?" हेडसर म्हणाले. "लोलकाने..."

"साहेबांनी ढकललं होतं!"

जिन्याची पोकळी आवाज पकडते. तो आवाज खालून निघाला तो तिसऱ्या मजल्यापर्यंत घुमला. सगळे वळून बघू लागले, कारण तो आवाज कोणी ओळखलाच नाही. कुजबुज पहिल्या पायरीवर उभी होती. वेणी तोंडावर नव्हती. "सर, साहेबांनी ढकललं होतं. आणि ते पुढे वाकले होते. लोलकाची काही चूक नव्हती."

आता हेडसर चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. ते पायरीवर बसले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मी तिथेच उभा होतो. मी बोललो नाही, हे खरं. पण बाई, मला सांगा. माझा लोलकावर विश्वास आहे, माणसावर नाही. माणूस ढकलतो, माणूस वाकतो. उद्या एखादं पोर वाकलं तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"माझी मुलं हलत नाहीत, सर."

"मुलं तुमच्या भरवशावर उभी राहतात. तुम्ही कधी उभ्या राहिलात याच्यासमोर? स्वतः?"

मला उत्तर माहीत होतं. ज्यांच्या नाकापर्यंत मी गेलो त्या सगळ्या चेहऱ्यांत बाईंचा चेहरा नव्हता. त्या नेहमी बाजूला असायच्या, खांदे धरून.

"नाही," बाई म्हणाल्या. "मला भीती वाटते."

पोरांच्या तोंडून "आं?" निघालं. बाईंनी कपाळावरचे केस मागे केले. तिथे एक जुना पांढरट व्रण होता. "लहानपणी झोपाळ्याची फळी बसली होती. तेव्हापासून काहीही तोंडावर येताना दिसलं की माझे पाय गळतात. गणित मला येतं, पण पायांना ते कळत नाही. म्हणूनच तर हा टांगला मी. माझी भीती माझ्या मुलांना लागू नये म्हणून."

हेडसर पायरीवरून उठले. मग हळू आवाजात म्हणाले, "मग आज उभ्या राहा, बाई. तुम्ही हलला नाहीत तर गोळा राहील. माझा शब्द."

बाईंनी मामाकडे पाहिलं. "आधी तार."

मामा वर चढला. त्याने तार बोटांनी चाचपली, कडी ठोकून पाहिली, गंजलेला एक नट बदलला, तेल सोडलं. मग खाली येऊन मला मिठी मारून पाय वर घेतले आणि सगळं अंग माझ्यावर टाकून लटकला. पोरं हसली. "ताई, मी आणि हा दोघंही टिकलो," तो म्हणाला. "तुझं नाक काय चीज आहे!"

मग त्याने दोरी कापली. ती सैल झाली आणि मी नुसता लोंबलो. अंगातून एक झिणझिणी गेली.

बाईंनी भिंतीला डोकं टेकलं. कडी बदलून मी त्यांच्या नाकापाशी आलो. सोडायला त्यांचे हात तयार होईनात. तेवढ्यात कोणीतरी बाजूला येऊन त्यांच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. कुजबुज आता बाईंच्या बरोबरीची झाली होती.

"भीती वाटली तरी चालेल, बाई," ती म्हणाली. "हलायचं नाही, बस. ढकलू नका. नुसतं सोडा."

बाईंनी सोडलं.

मी निघालो. किती दिवसांनी! फरशी माझ्या खालून वाहत गेली. झरोक्यातला उजेड तसाच होता, धुळीचे कण तसेच. पायऱ्यांवरचे चेहरे दोन्ही बाजूंनी मागे सरकत होते आणि सगळ्यांनी मिळून एकच श्वास आत घेतला होता. पलीकडच्या टोकाला पोचलो. वजन हरवलं. वाटलं, इथेच राहावं, परत गेलोच नाही तर बाईंना भीती वाटणार नाही. पण मला थांबता येत नाही, मित्रांनो, आणि मी परत गेलो नाही तर मी लोलक कसला?

निघालो. बाईंचे डोळे घट्ट मिटलेले दिसत होते. मी जवळ आलो. अजून जवळ. माझ्या पुढची हवा त्यांच्या तोंडाला लागली असावी, कारण त्यांच्या पापण्या थरथरल्या, आणि मग त्यांनी डोळे उघडले. सरळ माझ्याकडे पाहिलं. पाय गळाले नाहीत, डोकं भिंतीवरून सुटलं नाही. बोटभर अंतरावर मी थांबलो. त्यांचा श्वास माझ्या गंजलेल्या अंगावर उमटला. तेवढा एक क्षण आम्ही दोघं समोरासमोर होतो.

मग मी परत गेलो.

जिन्यात जो आवाज झाला तो मी पहिल्या दिवशीसुद्धा ऐकला नव्हता. बाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मामा कोणाला न कळेल अशा बेताने नाक शिंकरत होता. हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "राहू द्या गोळा," ते म्हणाले. "रंगाऱ्याला सांगा, जपून रंगव म्हणावं. आणि बाई, त्या बादल्या माळ्यावरून खाली काढा." ते जायला वळले.

"सर." कुजबुजने हाक मारली. ती भिंतीला डोकं टेकून उभी होती. "तुम्ही मला म्हणाला होतात, तू नंतर."

हेडसर थांबले. त्यांना आठवलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते परत आले, वाकून त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, स्वतः ओढून तिच्या नाकापाशी आणलं आणि तिच्या हातांत दिलं. "चुकलं माझं, बाळ," ते म्हणाले. "घे, तुझा नंबर."

तिने ढकललं नाही. नुसतं सोडलं.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. मामा मात्र दरवर्षी येतो, तारेला लटकतो, पोरांना हसवतो. जिन्याचा रंग पुन्हा जुना झाला आहे. मला कोणी पुसून चकचकीत ठेवावं असं माझं म्हणणं नाही. तार तपासा, कडीला तेल द्या, मग मला धरा, मोजा, माझ्यावरून भांडा, चुकीचे प्रोग्रॅम लिहा. पण जपण्यासाठी म्हणून मला बांधून ठेवू नका. बांधलेल्या लोलकाला काही सांगता येत नाही, मित्रांनो.

आणि माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा भीती वाटली तर वाटू द्या. बाईंनाही वाटली होती. डोकं भिंतीला टेका. मी येतोय. हलू नका.